सतरा म्हणजे १९१७ नव्हे

पत्र्याचा डबा माझ्याकडे सरकवत मामा म्हणाले, "आधी स्वतःचे डोळे फोड, मग मला विचार." डब्यात रायफलच्या ६३ रिकाम्या पुंगळ्या होत्या. काही पिवळ्याधमक, काही तपकिरी पडलेल्या, काहींवर हिरवट कळंक. चाळीस-पन्नास वर्षांत कुठून कुठून जमवलेल्या आणि एकीलाही चिठ्ठी नाही.

पहिल्याच संध्याकाळी ढिगातून हाताला लागली ती जाड कडेची, तांबूस झाक असलेली पुंगळी. बुडावर एका बाजूला १७ आणि समोरच्या बाजूला रशियन लिपीतलं 'क'. झालं! अक्षर रशियन, आकडा सतरा, म्हणजे सरळ सरळ क्रांतीचं वर्ष. ही पुंगळी कोणाच्या रायफलमधून उडाली असेल, पेत्रोग्रादच्या कुठल्या रस्त्यावर पडली असेल, असल्या कल्पनांत मी ती रात्र घालवली. लिफाफ्यावर पेनाने ठसठशीत '१९१७' लिहिलं आणि सकाळी मामांना फोन लावला.

"हं," ते म्हणाले. "सतरा आहे, मान्य. पण तो सतरा कशाचा?"

पुढचे सहा आठवडे हा एकच प्रश्न मला पुरला.

मामांनी त्या फोनवर आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी डोक्यात पक्की ठेवली. पुंगळीचं बूड दाबून घडवताना उलटी अक्षरं कोरलेला पोलादी ठसा त्यावर उमटवतात. म्हणजे ठसा बोलतो तो फक्त पुंगळी घडली त्या दिवसाबद्दल. तिच्यात दारू कधी भरली, ती झाडली कधी, कोणी झाडली, याबद्दल बूड गप्प असतं. आणि बुडावरचा आकडा साल असू शकतो, महिना असू शकतो, कारखान्याचा क्रमांक, खेपेचा क्रमांक, गोळीचा मार्क म्हणजे आवृत्ती, किंवा नुसता व्यासही. आपल्याला मात्र दोन अंक दिसले की साल दिसतं. ही खोड मोडायला मला वेळ लागला.

काम नव्याने सुरू केलं ते सगळ्या पुंगळ्या बूड वर करून मांडण्यापासून. हे वाचण्यासाठी नव्हतं, प्रायमर तपासण्यासाठी होतं. बुडाच्या मधोमध बसवलेल्या त्या छोट्या स्फोटक टोपीवर पिनचा खळगा असला तर ती झाडलेली. ६२ वर खळगा होता, एकीवर नव्हता. आत दारू नाही, पुढे गोळी नाही, तरी प्रायमर जिवंत. तिला ना पाणी लावलं ना ती घासली. मामांना कळवून ती रीतसर जमा केली. रिकाम्या पितळालाही ठिकठिकाणी वेगवेगळे कायदे लागतात, तेव्हा हा छंद करायचा तर ते आधी वाचलेले बरे.

मग व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी, घेऊन बसलो. आधी अंग, मग बूड, हा क्रम मामांचा. पुंगळी कुठल्या जातीची ते कळलं की बुडावरच्या निम्म्या शक्यता आपोआप गळतात. ब्रिटिश थ्री-नॉट-थ्रीची लांबी साधारण ५६.४ मिलिमीटर आणि बुडाला बाहेर आलेली कडा. रशियन ७.६२ची लांबी ५३.७, कडा त्याहून रुंद, १४.४ च्या आसपास. जर्मन ७.९२ बरोबर ५७, कडा बाहेर नाही, त्याऐवजी बुडाच्या वर कोरलेली खाच. अमेरिकन थर्टी-नॉट-सिक्स ६३.३, तिलाही तशीच खाच, आणि बुडाचा व्यास जर्मन पुंगळीला इतका जवळचा की नुसत्या बुडावरून मी दोनदा गोंधळलो. चार मोठे ढीग झाले आणि दहा-बारा पुंगळ्यांचं उरलंसुरलं एक पाचवं.

इथे एक चूक कबूल करायला हवी. थ्री-नॉट-थ्रीच्या सहा पुंगळ्या इतक्या काळ्या पडल्या होत्या की काही वाचता येईना. मी पितळ उजळायची पॉलिश लावून त्या लख्ख केल्या. फार समाधान वाटलं. मामांनी पाहिल्या आणि म्हणाले, "टोपीभोवती रंगाचं कडं होतं का रे?" असेल, मला काय माहीत! ब्रिटिश थ्री-नॉट-थ्रीत प्रायमरभोवतीच्या फटीत लाखेचं बारीक कडं असतं: साध्या गोळीला जांभळं, मागे प्रकाशरेघ सोडणाऱ्या ट्रेसरला लाल, चिलखतभेदीला हिरवं, आग लावणारीला निळं. बुडावरचं अक्षर झिजलं असेल तेव्हा हे कडंच साक्षीला उभं राहतं. माझ्या सहा पुंगळ्यांची साक्ष फडक्यावर पुसून गेली होती. शिवाय लष्करी पुंगळ्यांच्या मानेजवळ धातू तापवून मऊ केल्याचा निळसर-तपकिरी डाग अनेकदा तसाच ठेवलेला असतो, आणि शिकारीसाठी विकल्या जाणाऱ्या मालावरून तो बहुधा घासून काढलेला असतो. तोही मी घासला. त्यानंतर फक्त कोमट पाणी, साबणाचा एक थेंब आणि मऊ ब्रश.

काळ्या बुडावरचं वाचायला पॉलिश लागतच नाही, हे मग कळलं. खोली अंधारी करायची, पुंगळी उभी धरायची आणि टॉर्च बुडाच्या पातळीला, जवळजवळ आडवा ठेवायचा. पुंगळी बोटांत हळूहळू फिरवली की झिजलेल्या अक्षराची एक एक कड सावली टाकते. डोळ्यांना 'सी' वाटणारं अक्षर पाव फेऱ्यानंतर 'जी' निघतं. अगदीच हट्टी ठशांना पातळ कागद लावून वरून मऊ पेन्सिल फिरवली. कागदावर उमटलेलं गोल वाचायला पितळापेक्षा सोपं जातं, आणि ते डब्यात ठेवताही येतं.

थ्री-नॉट-थ्रीच्या ढिगाने मला सगळ्यात जास्त शिकवलं. पहिलीच घ्या. बुडावर 'के', मग ९१, मग काहीतरी काठ्या-काठ्या. १८९१ वाटून छाती धडधडली. भिंगातून पाहिलं तर त्या काठ्या रोमन सातच्या होत्या, पण उलट्या. पुंगळी फिरवून सात सरळ केला आणि ९१चे १६ झाले. 'के' म्हणजे बर्मिंगहॅमजवळच्या विटनची किनोक कंपनी, १६ म्हणजे १९१६ आणि सात म्हणजे मार्क सात, १९१० साली आलेली टोकदार, १७४ ग्रेन वजनाची गोळी. खरं तर फिरवायचीही गरज नव्हती. मार्क सात १८९१ मध्ये अस्तित्वातच नव्हता, आणि ब्रिटिशांनी या काडतुसावर साल टाकायला सुरुवात केली १९०७च्या सुमारास. त्याआधीच्या बुडांवर कारखाना आणि मार्क मिळतो, साल नाही. आकडा वाचण्याआधी 'हे शक्य तरी आहे का' असं विचारलं असतं तर छातीची धडधड वाचली असती.

बाकीची अक्षरं हळूहळू ओळखीची झाली. 'आर' आणि 'एल' यांच्या मध्ये सरकारी बाण असला तर वुलिचची रॉयल लॅबोरेटरी. 'जी बी' म्हणजे लीड्सची ग्रीनवुड अँड बॅटली. 'आर जी' रॅडवे ग्रीन, 'एम एफ' ऑस्ट्रेलियातलं फुटस्क्रे, 'के एफ' आणि मध्ये बाण म्हणजे खडकी, 'डी एफ' आणि बाण म्हणजे दमदम. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस रोमन सात जाऊन साधा ७ आला, तेव्हा साल झिजलेलं असलं तरी सातची तऱ्हा बघून ते युद्धाच्या शेवटाच्या अलीकडचं की पलीकडचं, एवढा अंदाज येतो.

'डी आय' आणि 'झेड' असलेली एक पुंगळी इतरांत वेगळीच वाटत होती. 'डी आय' म्हणजे कॅनडाची डिफेन्स इंडस्ट्रीज. 'झेड' म्हणजे आत कॉर्डाइट नव्हे, नायट्रोसेल्युलोजची दाणेदार दारू. कॉर्डाइट म्हणजे सुतळीसारख्या लांब कांड्यांची जुडी. ती अरुंद मानेतून आत जाणार कशी, असा प्रश्न मला पडला होता. उत्तर असं की मान आवळण्याआधीच ती भरत. सरळ नळीत कांड्या आणि मग गळा घडवायचा! जिवंत स्फोटक आत असताना मान दाबणारी ती यंत्रं आणि त्यांच्यासमोर बसलेली माणसं, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून बरेच दिवस हललं नाही.

त्या कॅनेडियन पुंगळीत तोंडातून टॉर्च मारला तर बुडाशी मधोमध एकच भोक दिसलं. शेजारच्या खडकीच्या पुंगळीत मधे उंचवटा आणि बाजूला दोन बारीक भोकं. एक भोक म्हणजे प्रायमर बसवायची बॉक्सर पद्धत, दोन म्हणजे बर्डन. गंमत अशी की एडवर्ड बॉक्सर इंग्रज आणि हायरम बर्डन अमेरिकन, पण अमेरिकेने इंग्रजाची पद्धत उचलली आणि युरोपने अमेरिकनाची. ब्रिटिश जातीच्या पुंगळीत एकच भोक दिसलं की मी आता आधी अटलांटिकपलीकडे पाहतो.

नेहमी नाही म्हणा. याच ढिगात एक 'एच एक्स पी ८२' निघाली, तीही एका भोकाची. १८८२ मध्ये थ्री-नॉट-थ्री जन्मलीच नव्हती, तेव्हा हे १९८२. 'एच एक्स पी' ही ग्रीसची खूण. जुन्या जातीची पुंगळी जुनीच असते असं नाही, हे तिने निमूटपणे शिकवलं.

जर्मन पुंगळ्या मला सगळ्यांत आवडल्या, कारण त्यांना शिस्त आहे. बूड घड्याळासारखं धरायचं. बाराच्या जागी कारखाना, तीनच्या जागी धातू, सहाच्या जागी खेपेचा क्रमांक, नऊच्या जागी साल. माझ्याकडच्या एकीवर बाराला 'पी १३१', तीनला 'एस' आणि तारा, सहाला १४, नऊला ३८. 'पी १३१' म्हणजे बर्लिन-बोर्सिगवाल्डेचा कारखाना. ताऱ्याचा 'एस' म्हणजे ७२ टक्के तांबं असलेलं पितळ. १४ ही खेप, आणि १९३८ साल. पहिल्या खेपेला मी नेमकं उलटं धरून १४ हे साल मानलं होतं. कारखाना कुठला ते कळल्याशिवाय घड्याळाचं तोंड कुठे हेच कळत नाही. १९४०पासून 'पी' आणि आकड्यांऐवजी दोन-तीन छोट्या अक्षरांचे संकेत आले: 'ए यू एक्स' म्हणजे माग्देबुर्गची पोल्टे, 'ए एस बी' म्हणजे तोच बर्लिनचा कारखाना. युद्ध लांबलं तसं तीनच्या जागी 'एस टी' दिसायला लागतं, म्हणजे पोलाद. तांब्याची टंचाई बुडावर वाचता येते.

अमेरिकन ढीग सोपा वाटला आणि तिथेच फसलो. 'एस एल' म्हणजे सेंट लुईस, 'एल सी' लेक सिटी, 'टी डब्ल्यू' ट्विन सिटीज, 'डी ई एन' डेन्व्हर, 'एफ ए' फिलाडेल्फियाचं फ्रँकफर्ड आर्सेनल. बहुतेकांवर ४२, ४३ असं सरळ साल. पण 'एस एल'च्या एकीवर नुसता ४. खेपेचा असेल म्हणून मी तो सोडून दिला. जर्मन सवय! मग 'एल सी'च्या एकीवरही नुसता ४ दिसला. दोन वेगळ्या कारखान्यांची खेप योगायोगाने चारच? मामांना विचारलं तर म्हणाले, "१९४४." ४३चे ठसे शिल्लक होते, त्यातला ३ घासून काढला आणि ४ ठेवला, अशी त्यामागची हकीकत सांगतात. ठसा नवा कोरण्यापेक्षा एक अंक घासणं स्वस्त, आणि युद्धात घाई.

'एफ ए'ची तऱ्हा आणखी वेगळी. पहिल्या महायुद्धापर्यंतच्या पुंगळ्यांवर महिनाही असतो. माझ्याकडच्या एकीवर ३ आणि ०९, म्हणजे मार्च १९०९. त्याहून जुनी, पाचव्या ढिगातली, जाडजूड तांब्याची सरळ नळी. तिच्या बुडावर 'आर', 'एफ', ३ आणि ८१. इथे मात्र ८१ म्हणजे खरंच १८८१! फोर्टी-फाइव्ह-सेव्हन्टी या जुन्या अमेरिकन लष्करी काडतुसाची पुंगळी, 'आर' रायफलसाठी, 'एफ' फ्रँकफर्ड, महिना मार्च. कार्बाइनची, म्हणजे आखूड रायफलची असती तर 'सी' असता. बुडात प्रायमर दिसत नाही, नुसता पिनचा खळगा आहे, कारण त्या काळात तो आतून बसवत; कडेच्या वर अंगात दोन ठिकाणी दाबलेले खळगे असतात, ते आतला तुकडा धरून ठेवण्यासाठी. फ्रँकफर्डने बुडावर बाहेरून असा ठसा टाकायला १८७७ मध्ये सुरुवात केली. मी ही पुंगळी तळहातावर ठेवून बराच वेळ नुसता बसलो होतो. १९१७च्या नावाने जो रोमांच उसना आणला होता तो इथे न मागता मिळाला.

ज्यांच्यावर साल नसतं त्यांच्याशी मात्र घासाघीस करावी लागते. शिकारी बंदुकांच्या मालावर कंपनीचं नाव आणि व्यास, बस. अशा वेळी नावाचा इतिहास उपयोगी पडतो. 'यू एम सी' म्हणजे ब्रिजपोर्टची युनियन मेटॅलिक कार्ट्रिज, १८६७ची. १९१२च्या सुमारास ती रेमिंग्टनशी एक झाली आणि ठसा 'आर ई एम - यू एम सी' झाला. १९६०च्या आसपास तो 'आर-पी' झाला, रेमिंग्टन-पीटर्स. यावरून साल नाही, पण कालखंड ठरतो. माझ्याकडच्या एका 'यू एम सी'वर पुढे 'एस एच' अशी अक्षरं होती. कोणाच्या नावाची आद्याक्षरं असतील म्हणून मी वहीत शोधत बसलो. निघालं 'सॉलिड हेड', म्हणजे भरीव बुडाची. जुन्या पुंगळ्यांत प्रायमरची खोबण आतल्या पोकळीत फुग्यासारखी वर आलेली असते आणि तिच्याभोवती बूड पातळ. शेजारी अशी एक फुगेवाली ठेवून दोन्हींत टॉर्च मारला आणि फरक पाहिला, तेव्हा कंपनीने ही दोन अक्षरं अभिमानाने का कोरली असतील ते समजलं.

सगळ्यात जास्त घाम काढला तो एका 'डी ई एन ४३'ने. बूड डेन्व्हरचं, साल १९४३, म्हणजे थर्टी-नॉट-सिक्स, शंका नाही. पण व्हर्नियर म्हणतो ५७. सहा मिलिमीटर गेले कुठे? तोंड आतून रुंद, आठ मिलिमीटरच्या गोळीचं. मानेची भिंत शेजारणींपेक्षा जाड, आणि तोंडाच्या कडेवर कातरल्याच्या बारीक रेघा. कोणीतरी अमेरिकन पुंगळी कापून, दाबून जर्मन रायफलसाठी नवी घडवली होती. मान जाड कारण ती मुळात मान नव्हतीच, खालच्या अंगाचा धातू वर खेचलेला. बूड खोटं बोलत नव्हतं. १९४३ला डेन्व्हरमध्ये ते बूड घडलं होतंच. नंतरचं तिला माहीत नव्हतं, एवढंच. लिफाफ्यावर मी दोन ओळी लिहिल्या: बूड कुठलं, आणि अंग कसलं.

आणि सतरा? त्याचा निकाल लावला लोहचुंबकाने, तोही चुकून. टेबलावर जर्मन पोलादी पुंगळ्या वेगळ्या करायला चुंबक ठेवला होता, तर ही तांबूस रशियन सुंदरी टुणकन त्याला जाऊन चिकटली. पितळ नव्हतंच ते. वर तांबूस मुलामा, आत पोलाद. झारच्या काळातली पुंगळी पितळेची असते. १७ हा सायबेरियातल्या बार्नाउलच्या कारखान्याचा क्रमांक, जसा ६० फ्रुंझेचा आणि १८८ नोवोसिबिर्स्कचा. साल होतं ते मी ज्याच्याकडे पाहिलंच नाही त्या अक्षरात. १९५२ ते १९५६ या पाच वर्षांत सोव्हिएत कारखान्यांनी आकड्यांऐवजी अक्षरं वापरली: ग, द, ये, इ, क. शेवटचं 'क' म्हणजे १९५६.

६२ पैकी ५१ लागल्या. उरलेल्यांत एक अगदी कोरी आहे, अक्षर नाही, आकडा नाही, ६.५ मिलिमीटरची, अर्धवट कडेची, बहुधा जपानी लष्कराची, कारण ते आपल्या रायफलच्या पुंगळ्यांवर ठसाच टाकत नसत. दुसरीवर थाई अंक आहेत, २४७७. हे बुद्धसंवत, ५४३ वजा केले की १९३४. तिसऱ्या एकीवर चिनी प्रजासत्ताकाचं वर्ष असावं. तसं असेल तर १९११ मिळवायचे, पण पहिला अंक इतका दबलाय की दोन आहे की तीन ते ठरत नाही. तिच्यावर मी काही लिहिलेलं नाही.

डबा परत करायला गेलो तेव्हा मामांनी लिफाफे एकेक करून पाहिले. रशियन लिफाफ्याशी थांबले. "हे पेनाने लिहिलंस?"

"तेव्हा खात्री होती."

त्यांनी खिशातून आखूड झालेली पेन्सिल काढून माझ्यापुढे ठेवली. '१९१७'वर मी आडवी रेघ मारली, खाली 'बार्नाउल, १९५६, पोलाद' लिहिलं आणि ती पुंगळी आत सरकवली.